तेल जास्त झालं

शुक्रवारच्या बाजाराचा गलका जिन्याखालीच राहतो.
वर मी आधी कान लावतो.
उघडायचं नंतर.

एक सेकंदावर कळ दाबली की आतल्या चाकांनी
किर्र करत मोजायचं असतं,
पोराने तेराचा पाढा म्हणावा तसं, शेवटपर्यंत.
हा तेरा आठेला गप्प झाला.
पाचशेवर ठणठणीत.
तीसवर पाती अर्धी मिटली आणि तशीच राहिली,
तियात्राचा पडदा दोरीत अडकावा तशी.

एर्मेलिंडा हळदोण्याहून आलेली.
पिशवीत पाव, पावावर कॅमेरा.
पपा तारवटी होते म्हणाली, एडनला घेतला.
‘सारको जातलो मरे?’
बघतो, म्हटलं. डॉक्टरही एवढंच म्हणतात.

कॅमेरा कुठे राहिला ते तोच सांगतो,
मालक सांगो न सांगो.
कळंगुटचा असेल तर फोकसच्या आट्यांत वाळू करकरते.
डिचोलीचा, खाणीकडचा, तर कापसाला तांबडं लागतं,
पहिल्या बोळ्याला, तिसऱ्या बोळ्यालाही.
भिंगात बुरशीचं जाळं म्हणजे चार पावसाळे
कपाटात, चामड्याच्या पेटीत, देवाच्या भरवशावर.
एकाने तर फेणीने पुसून आणला होता.
दोन दिवस दुकानात काजूचा हंगाम.

ह्याला यातलं काही नव्हतं.
मीठ थोडं, स्क्रूच्या खाचेत. गंज नाही.
कडेची चकती सोडवली, पुढचं भिंग काढलं,
सुटे भाग अंड्यांच्या ट्रेमध्ये, निघाले त्या ओळीने.
एक स्क्रू उलट्या आट्यांचा असतो, भले भले तो मोडतात.
मी न बघता बरोबर बाजूला फिरवला.
तेव्हाच कळायला हवं होतं.

पात्यांवर तेल.
पेट्रोल पंपाजवळच्या डबक्यासारखे रंग,
बोटाला फणसाच्या चिकासारखं.
कुणीतरी मायेने घातलेलं,
एका थेंबाच्या जागी तीन.
तेल घातलं तिथे थांबत नाही.
एप्रिल आला की ते चालायला लागतं
आणि जिथे काहीच नको, नेमकं तिथे जाऊन बसतं.

शेवटच्या पत्र्याखाली, सुईने कोरलेलं:
गु. का. १९-३-८८

माझंच अक्षर.
‘का’चा काना तेव्हा मी असाच वाकडा काढायचो.
धंद्याचं दुसरं वर्ष, तेलाची नवी बाटली.
तारवट्याला बोट गाठायची होती,
जिन्यात उभा राहून तो सारखा घड्याळ बघत होता
आणि मी म्हटलं होतं,
आता हा जन्मात अडायचा नाही.

म्हणजे वर्षभर चालला असेल. फार तर दोन.
मग कुठल्याशा धक्क्यावर, कुणाच्या तरी हसऱ्या तोंडासमोर
पाती अर्धी मिटून बसला असेल.
तो परत विचारायला आला नाही.
त्याला वाटलं असेल, आपलाच हात वाईट.

लायटरचं पेट्रोल, ब्रश, परत पेट्रोल.
पाच पाती, दोन्ही अंगांनी, कोरडी होईपर्यंत.
पाती कोरडीच हवीत.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
मीही कुणाला विचारलं नव्हतं.
चाकांच्या खुंटांना तेवढं सुईच्या टोकावरून लावलं,
थेंब म्हणावा इतकंही नाही.
जुन्या तारखेखाली नवी कोरली. जुनी खोडली नाही.

पुढच्या शुक्रवारी एर्मेलिंडा आली.
काय झालं होतं?
तेल जास्त झालं होतं.
कुणी घातलं?
मी.

तिने कॅमेरा कानाशी नेला,
एक सेकंदावर ठेवला, कळ दाबली.
किर्र. तेरा दाहे तीसासे.
‘पपा तुका गाळी घालतालो,’ ती म्हणाली,
‘दर बंदरांत.’
आणि पुन्हा कळ दाबली.